लष्करी ट्रक ते खासगी मालवाहक : चांदा जिल्ह्याच्या वनपट्ट्यातील वाहननोंदणीचा इतिहास

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाने हिंदुस्थानात मागे ठेवलेल्या गोष्टींचा हिशेब मांडताना इतिहासलेखनाने महागाई, रेशनिंग, बंगालचा दुष्काळ, नाविकांचे बंड या विषयांकडे लक्ष दिले आहे. युद्ध संपल्यावर लष्करी डेपोंच्या आवारात उभ्या राहिलेल्या मोटारलॉऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र जुन्या मोटारींच्या हौशी संग्राहकांसाठी सोडून देण्यात आला. वस्तुतः हा प्रश्न यंत्राचा कमी आणि राज्यसंस्थेचा अधिक आहे. सैन्याची लॉरी लिलावात विकत घेणे म्हणजे एक लोखंडी वस्तू ताब्यात घेणे. ती रस्त्यावर चालविण्याचा हक्क मिळविणे ही वेगळीच प्रक्रिया होती. या दोहोंमधील अंतर एका कागदाने भरून निघत नसे. नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, परवाना, कर आणि वनप्रदेशात त्याखेरीज मालाचा पास, अशी ती साखळी होती.

प्रस्तुत निबंधात ही साखळी पूर्वीच्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात तपासली आहे. सरकारने युद्धोत्तर काळात वाहनांवरील मालकी सोडली, परंतु नियंत्रण सोडले नाही, आणि वनपट्ट्यात या नियंत्रणाचा भार इतरत्र असेल त्याहून अधिक होता, असे येथे प्रतिपादन आहे. सर्वसाधारण जिल्ह्यात ट्रकमालकाला एका कायद्याशी गाठ घालावी लागे. चांद्याच्या जंगलात मोटार वाहन कायदा, वन कायदा आणि जमीनदारी निर्मूलनाचा कायदा असे तीन कायदे एकाच नाक्यावर भेटत.

जिल्हा आणि त्याच्या वाटा

मध्यप्रांत व वऱ्हाडातील चांदा हा विस्ताराने प्रचंड जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्याच्या वाट्याला १४,४१२ चौ. कि.मी. आणि चंद्रपूरकडे ११,४४३ चौ. कि.मी. क्षेत्र आले. या विस्ताराची वाहतुकीच्या दृष्टीने दोन स्पष्ट अंगे होती. पश्चिमेकडे वर्धा नदीच्या काठाने लोहमार्ग होता. वरोऱ्याच्या कोळशाने एकोणिसाव्या शतकातच रेल्वे आणली आणि १९२९ साली बल्लारशाह ते काझीपेठ हा दुवा पूर्ण झाल्यावर दिल्ली-मद्रास मार्ग जिल्ह्यातून गेला. बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंदमापी वाट गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टपर्यंत येत असे. वैनगंगेच्या पूर्वेला व दक्षिणेला मात्र लोहमार्गाने फारसे पाऊल टाकलेच नाही; वडसा येथील स्थानक हा त्याला अपवाद.

आल्लापल्ली, अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हा सारा मुलूख बंडीच्या चाकावर चालत असे. सिरोंचा भागातील सागाचे ओंडके प्राणहिता-गोदावरीच्या प्रवाहातून राजमहेंद्रीच्या बाजूला वाहून नेण्याची जुनी पद्धत होती. उरलेला माल बैलांनी ओढायचा. पाऊस सुरू झाला की नाले वाटा तोडत, आणि जंगलातील काम दिवाळीनंतरच खऱ्या अर्थाने मार्गी लागे. ओंडका खांद्याएवढा जाड असो वा कमरेएवढा, त्याचा वेग बैलाच्या वेगाइतकाच.

या भूगोलाला एक राजकीय कडही होती. वर्धा आणि प्राणहिता ओलांडली की निजामाचे राज्य लागे. इंद्रावतीपलीकडे बस्तर संस्थान होते. बल्लारपूरहून नदीपार दिसणारा राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर नांदेडमध्ये गेला आणि १९५९ साली चांद्यात आला. निजामाच्या राज्यात प्रवासी मोटारवाहतूक १९३२ पासूनच रेल्वेच्या रस्ता-वाहतूक विभागाकडे सोपविलेली होती. म्हणजे नदीच्या एका काठावर खासगी मोटारवाल्याला परवान्यासाठी अर्ज करता येत असे आणि दुसऱ्या काठावर सरकारच मोटारवाला होते. काही वर्षांतच अलीकडच्या काठालाही तो मोह होणार होता.

युद्धाचे उरलेले सामान

युद्धकाळात प्रवाह उलट दिशेने वाहिला. भारत संरक्षण नियमांतील ७५-अ या नियमाने सरकारला खासगी मालमत्ता अधिग्रहित करण्याचा अधिकार दिला होता आणि नागरी लॉऱ्याही त्यातून सुटल्या नाहीत. पेट्रोलवर नियंत्रण आले. १९४२ साली मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबराची आणि पर्यायाने टायरची टंचाई झाली. ज्या गाड्या उरल्या त्यांच्या पाठीमागे लोखंडी भट्ट्या बसवून त्या लाकडी कोळशाच्या वायूवर चालविण्यात आल्या. जंगल जिल्ह्यांना कोळसा पाडणे नवे नव्हते, एवढाच काय तो दिलासा.

युद्ध थांबले आणि प्रवाह फिरला. ब्रह्मदेश आघाडी व लेडो रस्ता यांच्यासाठी आणलेली वाहने पूर्व हिंदुस्थानात मोठ्या संख्येने पडून होती. मे १९४६ मध्ये अमेरिका व हिंदुस्थान सरकार यांच्यात उसनवार-पट्टा व्यवहार आणि शिल्लक युद्धसामग्री यांविषयी करार झाला आणि अमेरिकन सामग्रीची विल्हेवाट हिंदुस्थान सरकारकडे आली. ब्रिटिश व हिंदी सैन्याचे स्वतःचे शिल्लक सामान वेगळेच. विक्रीसाठी डिस्पोजल विभागाचे स्वतंत्र महासंचालनालय होते, आणि या खात्याच्या नावानेच मराठीला एक शब्द दिला : ‘डिस्पोजलचा माल’. तंबू, बूट, घोंगड्या, जनरेटर, जीप, ट्रक, सर्व काही डिस्पोजलचे. पुढे हे खाते पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयात विलीन झाले आणि ते महासंचालनालयही ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आले.

या विक्रीचे प्रमाण किती मोठे होते याची कल्पना एका प्रसिद्ध खटल्यावरून येते. बंगालमधील पानागढ येथील विमानांच्या भंगारासाठी नोव्हेंबर १९४६ मध्ये टाटा एअरक्राफ्ट कंपनी आणि श्री हनुमान कॉटन मिल्स यांच्यात १० लाख रुपयांचा सौदा झाला. खरेदीदाराने अडीच लाखांची अनामत भरली, पुढची रक्कम भरली नाही आणि अनामत जप्त झाली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. एका ठिकाणच्या भंगाराची ही किंमत पाहता हा बाजार मुळात घाऊक भांडवलाचा होता, हे ध्यानात येते. चांद्याचा लाकूड ठेकेदार पानागढला जाऊन दहा लाखांची बोली लावीत नसे. त्याच्यापर्यंत ट्रक पोचे तो दलालांच्या मालिकेतून, आणि प्रत्येक टप्प्यावर कागद हरवण्याची शक्यता वाढत जाई. कागद हरवणे ही किरकोळ बाब नव्हती, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

वाहनांचे स्वरूपही येथे नोंदविले पाहिजे. कॅनडात युद्धकाळात सुमारे ८ लाख लष्करी वाहने तयार झाली आणि त्यांतील निम्मी फोर्ड व शेव्हरोले यांनी एका समान आराखड्यावर बनविलेली, चपट्या नाकाची होती. राष्ट्रकुलातील सैन्यांसाठी ती उजव्या सुकाणूची होती. अमेरिकेच्या जी.एम.सी. कंपनीचा अडीच टनी, सहाही चाकांना गती देणारा ट्रक पाच लाखांहून अधिक संख्येने निघाला. त्याचे सुकाणू डावीकडे. नाला, वाळू आणि चिखल यांतून मार्ग काढण्यासाठी बनविलेली ही यंत्रे जंगलवाहतुकीला इतकी सोयीची होती की जणू तिच्यासाठीच घडविली असावीत. पेट्रोल पिण्यात मात्र ती तितकीच उदार होती. सैन्याने हा खर्च कधी विचारात घेतला नव्हता. ठेकेदाराला तो दर खेपेला घ्यावा लागे.

लष्करी क्रमांकाचा अंत

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणीची एक सर्वसाधारण चौकट घातली होती. कलम २२ अन्वये नोंदणीखेरीज वाहन चालविण्यास मनाई होती. कलम २३ अन्वये मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाचे ठिकाण ज्या प्रांतात, आणि जेथे वाहन सामान्यतः ठेवले जाते, तेथील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असे. संरक्षणकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांना कलम ३९ ने या चौकटीबाहेर ठेवले. त्यांची नोंदणी वेगळ्या प्राधिकाऱ्याकडे, क्रमांक वेगळे. स्वतंत्र भारताच्या सैन्याच्या वाहनांवर दिसणारा ऊर्ध्वमुखी बाण ही त्याच वेगळेपणाची खूण.

ही सूट वाहनाला नव्हती, मालकाला होती. वाहन सरकारी मालकीचे व अनन्य नियंत्रणाखालचे राहिले नाही की त्याच क्षणापासून सर्वसाधारण नोंदणीच्या तरतुदी त्याला लागू होत. १९८८ च्या कायद्याच्या कलम ६० मध्ये हीच रचना कायम आहे. या तरतुदीचा व्यावहारिक अर्थ चमत्कारिक होता. डेपोच्या फाटकाच्या आत ट्रकला लष्करी क्रमांक असे. फाटकाबाहेर तो क्रमांक निरर्थक होई आणि नागरी क्रमांक अजून मिळालेला नसे. कालपर्यंत देशाच्या सीमेवर धावलेले वाहन आज डेपोसमोरच्या रस्त्यावर बेकायदा ठरे. यासाठीच कायद्यात एका महिन्यापुरत्या तात्पुरत्या नोंदणीची सोय होती. शेकडो मैलांवरून नागपूरमार्गे चांद्याला येणाऱ्या खरेदीदाराने ती घ्यावी, अथवा ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवावा, हे दोनच निर्वेध मार्ग होते.

नोंदणी प्राधिकाऱ्यासमोर पहिला प्रश्न मालकीचा. नवीन लॉरीला विक्रेत्याची पावती असते; जुन्या लॉरीला आधीचे नोंदणीपुस्तक असते. डिस्पोजलच्या ट्रकला यांपैकी काहीच नसे. त्याचा जन्मदाखला म्हणजे विक्रीचा आदेश व माल सोडल्याचा कागद, आणि तोही बहुधा एका वाहनाचा नसून शंभर वाहनांच्या ढिगाचा. पूर्वीच्या नोंदणीचा तपशील अर्जदार देऊ शकला नाही किंवा त्याने चुकीचा दिला तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला होता. दलालांच्या मालिकेतून आलेल्या ट्रकचे भवितव्य अशा वेळी चासीवर कोरलेल्या अंकांवर येऊन ठेपे. गंजलेल्या पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल फिरवायची आणि उमटलेला क्रमांक विक्रीच्या यादीशी ताडून पाहायचा, ही आजही परिचित असलेली पद्धत अशा वाहनांच्या बाबतीत मालकीचा जवळजवळ एकमेव पुरावा ठरत असे.

पासिंग

मराठीत या साऱ्या प्रक्रियेला ‘पासिंग’ हा एकच शब्द आहे आणि तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. कायद्याच्या दृष्टीने नोंदणी ही ओळख होती आणि कलम ३८ खालील योग्यता प्रमाणपत्र ही पात्रता. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्राविना वैध नोंदणी असल्याचे मानले जात नसे, त्यामुळे व्यवहारात दोन्ही एक झाली.

लष्करी वाहन नागरी मोजपट्टीत बसविताना अडचणी येत. सैन्य ट्रकची क्षमता रानोमाळ चालण्याच्या हिशेबाने सांगते. नागरी कायद्याला रिकाम्या वाहनाचे वजन, भारित वजन, प्रत्येक आसावरील भार आणि टायरचे माप हवे असते. एकच गाडी एका यादीत अडीच टनी, तर दुसऱ्या यादीत काही वेगळीच. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४७ साली मोटार वाहन करआकारणीचा स्वतंत्र कायदा केला होता. वजनाच्या आकड्याशी करही बांधला गेल्याने हा आकडा केवळ तांत्रिक राहिला नाही. मालकाला माल भरताना मोठा आकडा हवा असे आणि कर भरताना लहान.

डाव्या सुकाणूच्या गाड्यांसाठी कायद्याची वेगळी अट होती : विहित पद्धतीचे यांत्रिक किंवा विद्युत इशारा-साधन बसविलेले व चालू स्थितीत असल्याखेरीज असे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नसे. उजव्या हाताने इशारा करण्याच्या त्या काळात डावीकडे बसलेल्या चालकाचा हात मागच्याला दिसणार कसा, हा त्यामागील साधा विचार. अहेरीच्या वाटेवर मागून येणारा बहुधा बंडीवाला असे, हा भाग निराळा.

त्यानंतर बदलांचा प्रश्न. लष्करी हौदा सैनिक व दारूगोळा यांच्यासाठी बनविलेला. ओंडक्यांसाठी तो काढून उभे खुंट लावावे लागत, बांबूसाठी लांबी वाढवावी लागे. ठिकठिकाणी लष्करी चासीवर लाकडी सांगाडा चढवून प्रवासी बसही बनविण्यात आल्या. १९५० च्या दशकात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीची पर्किन्स डिझेल इंजिने मिळू लागल्यावर पेट्रोलचे मूळ इंजिन उतरवून डिझेल बसविणे परवडू लागले. यांतील प्रत्येक बदल नोंदणी प्राधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक होते. इंजिन बदलले की इंजिन क्रमांक गेला, हौदा बदलला की रिकामे वजन गेले. दहा वर्षांनी त्या ट्रकमध्ये मूळ लष्करी काय उरले असेल, तर चासीची पट्टी आणि तीवरील क्रमांक. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना हा प्रश्न रथाच्या जुन्या दृष्टान्तावरून परिचित असेल. मोटार निरीक्षकाला तो कार्यालयीन वेळेत सोडवावा लागे.

माल कोणाचा, रस्ता कोणाचा

क्रमांक मिळाला, योग्यता मिळाली. तरीही ट्रक माल वाहू शकत नसे. कलम ४२ अन्वये परवाना लागे, आणि येथे १९३९ च्या कायद्याने एक भेद केला होता, ज्याचे महत्त्व आज विस्मरणात गेले आहे. भाड्याने दुसऱ्याचा माल नेणारा तो सार्वजनिक मालवाहक. स्वतःच्या मालकीचा, किंवा वाहतूक हा ज्याचा धंदा नाही अशा स्वतःच्या व्यवसायाला आवश्यक असलेला माल नेणारा तो खासगी मालवाहक. दोघांचे परवाने वेगळे, अटी वेगळ्या. १९८८ च्या कायद्याने हा भेद काढून टाकला आणि सर्वांना मालवाहतुकीचा एकच परवाना ठेवला.

शहरातल्या गिरणीमालकाला खासगी मालवाहक असल्याचे सिद्ध करणे सोपे होते. जंगल ठेकेदाराचे तसे नव्हते. त्याने लिलावात कूप घेतला म्हणजे उभी झाडे घेतली. ती पाडून, डेपोत आणून, हप्ता भरून, शिक्के मारून घेईपर्यंत लाकूड पूर्णपणे त्याचे झाले असे वन खाते मानीत नसे. मग कूप ते डेपो या वाटेवर ट्रकात असलेला माल कोणाचा? ‘त्याच्या व्यवसायाला आवश्यक’ या शब्दांचा आधार त्याला होता, म्हणून खासगी परवान्याचा दावा टिकू शकत असे. मात्र परतीच्या रिकाम्या खेपेत शेजारच्या ठेकेदाराचे चार ओंडके किंवा आठवडी बाजाराचे धान्य भरले की तोच ट्रक सार्वजनिक मालवाहक होई आणि परवान्याचा भंग घडे. शंभर मैल रिकामे परतणे आणि कायदा मोडणे यांतून निवड करण्याची ही अवस्था कायद्याने निर्माण केली होती. रेल्वेच्या उत्पन्नाला रस्त्यावरील स्पर्धेपासून जपणे हा त्या कायद्याचा एक प्रमुख हेतू होता, हे लक्षात घेतले तर तिचा उलगडा होतो; पण जेथे रेल्वेच नव्हती त्या मुलखाने रेल्वेच्या संरक्षणाची किंमत का मोजावी, याचे उत्तर मिळत नाही.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. ट्रक जंगलाबाहेर पडतच नसेल तर नोंदणी कशाला, असा युक्तिवाद सहज सुचतो. परंतु कलम २२ चे शब्द व्यापक होते : सार्वजनिक ठिकाणी, किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी प्रवासी वा माल वाहण्यासाठी नोंदणीविना वाहन चालविता येत नसे. एकच पळवाट होती आणि ती व्याख्येत होती. केवळ मालकाच्या स्वतःच्या आवारात वापरले जाणारे वाहन १९३९ च्या मूळ व्याख्येनुसार ‘मोटार वाहन’च नव्हते. आता अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदारीत, जेथे जंगलही जमीनदाराचे आणि त्यातील वाटही त्याचीच, तेथे जमीनदाराच्या ट्रकला ही सूट मागता येईल, असे म्हणण्यास निदान शब्दांचा आधार होता. ठेकेदाराला तोही नव्हता, कारण जंगल कधीच त्याचे आवार नव्हते.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानुसार जमीनदाऱ्यांची जंगले राज्याकडे आली. त्या दिवशी या युक्तिवादाचा पायाच नाहीसा झाला. १९५६ च्या दुरुस्तीने व्याख्याही बदलली. केवळ कारखान्यात वा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले विशेष प्रकारचे वाहन तेवढे वगळण्यात आले. सर्वसाधारण ट्रक, मग तो कोठेही चालो, नोंदणीच्या कक्षेत आला. बोलानी ओअर्स खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणीच्या आवारातील डंपर नोंदणीस पात्र, मात्र रस्ता न वापरणारे म्हणून करास अपात्र ठरविले, तेव्हा नोंदणी व कर यांची फारकत झाली. खाण व कारखाना यांना या फारकतीचा लाभ घेता येतो. कुंपण नसलेल्या जंगलाला तो घेता येत नाही.

याच वाटेवर वन कायद्याचा नाका उभा होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४१ ने लाकडाच्या वाहतुकीवर पासाचे बंधन घातले होते. ट्रकचे कागद चोख आणि लाकडाचा पास सदोष, किंवा याच्या उलट, दोन्ही प्रसंगी गाडी नाक्यावरच थांबे. या अधिनियमाच्या मूळ कलम ५२ मध्ये जप्तीयोग्य साधनांची यादी आहे : हत्यारे, होड्या, गाड्या आणि जनावरे. त्यातील गाडी ही बैलगाडीच. कायदा लिहिला गेला तेव्हा जंगलातून लाकूड नेणारे वाहन त्याच्या रचनाकारांना तेवढेच दिसत होते. मोटारवाहनांच्या जप्तीची स्पष्ट व कठोर तरतूद राज्यांच्या दुरुस्त्यांनी नंतर आणली.

ट्रकच्या आगमनाने ज्यांचा रोजगार घटला त्यांचा उल्लेख या कायद्यांत कोठेही नाही. ओंडके ओढणारे बंडीवाले हे बहुतांशी वनगावांतील शेतकरी. उन्हाळ्यातील खेपांवर त्यांचे वर्ष निघत असे. बंडीला क्रमांक नको होता, योग्यता प्रमाणपत्र नको होते, परवाना नको होता. ट्रकला हे सर्व हवे होते आणि ते मिळविण्यासाठी नागपूरच्या कार्यालयापर्यंत पोचण्याची ऐपत हवी होती. वाहतुकीचे उत्पन्न गावातून निघून ठेकेदाराच्या पेढीकडे गेले, त्यात यंत्राच्या शक्तीइतकाच कागदांच्या या साखळीचाही वाटा होता.

सोडलेले परत घेण्याची इच्छा

डिस्पोजलचे ट्रक नागरी क्रमांक घेत होते, त्याच सुमारास नागपूरच्या विधिमंडळाने मध्यप्रांत व वऱ्हाड मोटार वाहन (दुरुस्ती) अधिनियम, १९४७ (१९४८ चा तिसरा) संमत केला. याने कलम ४३ बदलून प्रांतिक सरकारला रस्ता-वाहतुकीचा धंदा स्वतःकडे घेण्याचा आणि त्यासाठी खासगी मालकांचे परवाने रद्द करण्याचा अधिकार दिला. ज्या सरकारने एका हाताने गाड्या विकल्या त्याच व्यवस्थेने दुसऱ्या हाताने त्या चालविण्याचा हक्क मागे घेण्याची सोय करून ठेवली, असे याचे वर्णन करता येईल. विकणारे केंद्र व परवाना देणारा प्रांत ही दोन सरकारे होती, हे खरे. पण ट्रकमालकाच्या दृष्टीने सरकार एकच असते.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि अनुच्छेद १९(१)(छ) ने प्रत्येक नागरिकाला धंद्याचे स्वातंत्र्य दिले. राज्याची मक्तेदारी त्याच्याशी विसंगत ठरली. १८ जून १९५१ रोजी पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याला नागरिकांना वगळून धंदा करण्याची मुभा दिली. ४ फेब्रुवारी १९५५ च्या अधिसूचनेने मध्य प्रदेश सरकारने काही मार्गांवरील प्रवासी वाहतूक आपल्याकडे घेण्याचे जाहीर केले, तेव्हा खासगी बसमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात घटनाविरोधी ठरलेला कायदा दुरुस्तीमुळे पुन्हा जिवंत होतो काय, असा प्रश्न उपस्थित झाला. २९ सप्टेंबर १९५५ रोजी भिकाजी नारायण ढाकरस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, असा घटनापूर्व कायदा मेलेला नसतो; मूलभूत हक्काच्या छायेने तो झाकला गेलेला असतो आणि छाया दूर झाली की पुन्हा प्रभावी होतो. विधी महाविद्यालयांत हा ‘ग्रहणाचा सिद्धान्त’ म्हणून शिकविला जातो. तो मध्यप्रांताच्या रस्त्यांवरील परवान्यांच्या वादातून जन्मला, याचे स्मरण विदर्भातील अध्यापनात क्वचितच ठेवले जाते.

मालवाहू ट्रक या राष्ट्रीयीकरणातून वाचले. प्रवासी बस वाचल्या नाहीत. त्यामुळे ज्याने लष्करी चासीवर बस बांधली तो उखडला गेला आणि ज्याने हौद्यात बांबू भरला तो टिकला. बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ साली स्थापन झालेली होती आणि बांबूची मागणी वाढतच जाणार होती.

डिस्पोजलच्या ट्रकचे युग मात्र बाजारानेच आटोपते घेतले. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझचे उत्पादन सुरू झाले. पावती, हमी आणि सुटे भाग यांसह येणाऱ्या नव्या डिझेल ट्रकपुढे युद्धकालीन गाड्यांचे पेट्रोल परवडेना. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा व १९५९ चे मुंबई मोटार वाहन नियम लागू झाले. ट्रक चांद्यातच उभा होता; त्याने मध्यप्रांत, मध्य प्रदेश, मुंबई आणि महाराष्ट्र अशी चार राज्ये पंधरा वर्षांत पाहिली.

नंतरची वाहने

लष्करी शिलकीचा दुसरा ओघ देशी वाहनांचा होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूर येथे जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावर ‘शक्तिमान’ ट्रकचे उत्पादन सुरू झाले आणि ते १९९६ पर्यंत चालले. या गाड्या सैन्यातून बाद होऊ लागल्यावर दुर्गम भागातील वाहतुकीत त्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. तोवर नोंदणीची रीत अधिक नेमकी झाली होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४७ मध्ये माजी लष्करी वाहनांचा स्वतंत्र उल्लेख आहे : अशा वाहनासाठी संबंधित प्राधिकाऱ्याने दिलेले नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे लागते. १९४६ साली शंभर वाहनांच्या यादीतून एक क्रमांक शोधणाऱ्या खरेदीदाराला ज्या कागदाची उणीव भासत होती, तो कागद नियमात यायला चार दशके लागली. चंद्रपूरच्या वाहनाला आज एमएच-३४ आणि गडचिरोलीच्या वाहनाला एमएच-३३ ही मालिका मिळते.

त्याच नियमावलीतील नियम १२१ संरक्षण विभागाव्यतिरिक्त कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास मनाई करतो. लिलावात घेतलेला ट्रक नोंदणीपूर्वी रंगवून घ्यावा लागतो तो याच कारणाने. देशाच्या बहुतेक भागांत ही औपचारिकता आहे. गडचिरोलीत १९८० नंतर माओवादी संघर्ष मूळ धरू लागला. सुरक्षा दलांच्या गाड्यांवर भूसुरुंगांचे हल्ले झाले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागड येथे खनिज वाहतुकीचे ७५ हून अधिक ट्रक व अन्य वाहने एका वेळी जाळण्यात आली. अशा मुलखात सुरक्षा दलाची गाडी आणि खासगी मालकाची गाडी यांतील फरक दुरून ओळखू येणे ही चालकाच्या जिवाची बाब असते. तेथे हिरवा रंग खरवडून पिवळा किंवा तपकिरी चढविण्याचे काम निरीक्षकाने सांगण्यापूर्वीच उरकले जावे, हे स्वाभाविक आहे.